तोआकासेचा सातवा अर्ज

पहिला नकार आला तेव्हा तोआकासे तीन दिवस रडली. दुसऱ्याला दीड दिवस पुरला. तिसऱ्याला तिने चर्चमधल्या गाण्याची तालीम बुडवली, चौथ्याला नुसतं डोकं दुखलं आणि पाचवा वाचताना तिला जांभई आली. सहावा नकार तिने शाळेच्या ऑफिसात उभ्या उभ्या वाचला, घडी घालून पिशवीत टाकला आणि घरी जाताना कोपऱ्यावरच्या दुकानातून कांदे घेतले. भावजयीने दारातच विचारलं, "काय झालं गं?" तर ही म्हणाली, "कांदे चांगले मिळाले."

आणि ते खरंच चांगले होते.

आता आम्हा टोंगावाल्यांना रडायची काही लाज नाही. आम्ही विमानतळावर रडतो, लग्नात रडतो, रग्बीत हरलो की रडतो आणि जिंकलो तर त्याहून जास्त रडतो. अशा गावात एक बाई कोरड्या डोळ्यांनी कांदे घेऊन येते म्हणजे लोकांना काळजी वाटणारच. शेजारची फाताइ, जिला देवाने तोंड दिलं आणि ते मिटायची सोय द्यायला तो विसरला, ती गावभर सांगत सुटली, "तोआकासेचा नळ बिघडला." तोआकासेच्या कानावर ते आलं. तिला त्याचाही राग आला नाही.

तोआकासे मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. वय एकोणपन्नास, अंगाने आडवी, चालीने सावकाश, लग्न झालेलं नाही. लग्न का झालं नाही याची गावात चार कारणं सांगतात आणि चारही तिला माहीत आहेत. राहायची भावाच्या घरात, मागच्या खोलीत. तिथे एक टेबल होतं. पण त्यावर भावाच्या पोरांच्या वह्या, भावजयीचं शिवणाचं मशीन आणि एक कोंबडी यांचा तिच्याआधी हक्क होता. कोंबडी अंडं मात्र दुसरीकडे घालायची.

गावात तिची खरी ओळख म्हणजे अर्ज. ज्या कुणाला परदेशी शिकायला जायचं असेल त्याचा अर्ज तोआकासे भरणार, हे ठरलेलं. शिष्यवृत्तीचा कुठला रकाना कुठे आहे, कुठे शिक्का लागतो, कुठल्या ऑफिसातला कारकून दुपारी जेवून झोपतो, सगळं तिला पाठ. तिने भरलेल्या अर्जांवर गावातली पंधरा-वीस पोरं ऑकलंडला, सिडनीला, सुवाला गेली. कुणी नर्स झाली, कुणी इंजिनियर. दर नाताळला कुणीतरी परत येतं आणि तिला साबणाचा डबा देतं. तिच्याकडे इतके साबण साठले होते की कपाट उघडलं की शिंक यायची.

तिचा स्वतःचा अर्ज होता ऑकलंडच्या एका विद्यापीठाच्या कला आणि रचना विभागाकडे. दोन वर्षांची संशोधनाची फेलोशिप. दर दोन वर्षांनी निघायची, पॅसिफिकमधल्या एकाच माणसाला मिळायची आणि वयाची अट पन्नासच्या आत. म्हणजे आता एकदाच. सातवा अर्ज शेवटचा, त्यानंतर रकानेच बंद.

तिला ती का हवी होती, हे तिने कुणाला नीट सांगितलं नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वी ती शाळेच्या मुलींना घेऊन ऑकलंडला गेली होती आणि तिथल्या एका संग्रहालयाच्या मागच्या कोठारात एका भल्या माणसाने तिच्यासाठी एक खण उघडला होता. खणात आमचं न्गातू होतं, झाडाच्या सालीचं कापड, शंभर वर्षांपूर्वीचं, घडी करून ठेवलेलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'टोंगा. बनवणारी व्यक्ती अज्ञात.' तोआकासेने एकच घडी उलगडून पाहिली. अकरा मिनिटं. मग मुलींची बस निघाली. पण त्या अकरा मिनिटांत तिला कळलं होतं की ते कापड पाच बायकांनी रंगवलंय आणि त्यातली एक डावखुरी आहे. तेव्हापासून तिला त्या कोठारात बसायचं होतं, आणि तिथे फेलोशिपवाल्यांनाच बसू देतात. सगळे खण उघडायचे होते. खुर्ची, टेबल, उजेड, आणि कोंबडी नको.

पण अर्जात तिने हे लिहिलं नाही. अर्जात तिने लिहिलं, 'पारंपरिक नक्षीचा अभ्यास.' कारण डावखुऱ्या बाईबद्दल परक्या माणसांना काय लिहायचं?

सातव्या अर्जाची जाहिरात निघाली त्या आठवड्यात पिसिलाचा फोन आला. पिसिला तिची जुनी विद्यार्थिनी, तिच्याच हातच्या अर्जावर ऑकलंडला गेलेली, आणि आता नेमकी त्याच विभागाच्या ऑफिसात कामाला लागलेली.

"बाई, बसलायत का?"

"उभी आहे. रताळी शिजतायत."

"मग बसा. तुमच्या जुन्या सहाही फायली माझ्या टेबलावर आहेत. हे मी सांगितलं असं कुणाला म्हणजे कुणालाही बोलू नका. फाताइला तर नाहीच."

"बरं."

"पहिल्या अर्जात तुम्ही लिहिलंय, 'माझं काम अगदी साधारण आहे आणि तुमच्यासारख्या थोरामोठ्यांनी ते बघावं इतकी त्याची लायकी नाही.' आठवतंय?"

"आठवतंय. मग? तसंच लिहितात."

"आपल्यात लिहितात, बाई! इथे कुणीतरी शेजारी पेन्सिलीने लिहिलंय, 'अर्जदाराचा स्वतःच्या कामावर विश्वास नाही.'"

तोआकासेने झाकण काढून पाहिलं. पातेल्यात रताळी खदखदत होती.

"पुढे ऐका. 'या कामात तुमचं स्वतःचं योगदान काय?' या रकान्यात तुम्ही सहा वेळा लिहिलंय, 'काहीच नाही, सगळं इतर बायकांचं.' सहाही वेळा! आणि पाद्रीबुवांचं शिफारसपत्र! 'ही बाई चालते सावकाश, बोलते कमी, आणि हिच्या हातून जे काही झालं ते देवाच्या दयेने. एवढ्या मोठ्या विद्यापीठापुढे हिला उभं करताना आम्हाला लाज वाटते.' त्याच्या खाली पेन्सिलीने, 'शिफारस करणाऱ्यालाच खात्री दिसत नाही.'"

"ते पत्र फार सुंदर होतं," तोआकासे म्हणाली. "आमची वहिनी रडली होती ऐकून."

"बाई, मी पण रडले, पण वेगळ्या कारणाने."

यात तोआकासेचा दोष काढायचा तर आम्हा सगळ्यांचाच काढावा लागेल. चार माणसांनी धापा टाकत आणलेलं डुक्कर पुढ्यात ठेवून आमचा वक्ता हात जोडून म्हणतो, 'हे हडकुळं पिल्लू आणलंय, पोटभर होणार नाही, क्षमा असावी.' डुकराच्या अंगावरून चरबी ओघळत असते. समोरचा ते बघतो, ऐकतो आणि समजून जातो. जितकी क्षमा जास्त तितकं डुक्कर मोठं. ऑकलंडच्या समितीला डुक्कर दिसलंच नव्हतं. त्यांच्याकडे फक्त क्षमा पोचली होती, सहा वेळा.

फोन ठेवल्यावर तोआकासेने आत चाचपून पाहिलं. बारा वर्षं आपण नुसत्या चांगल्या वळणापायी गमावली, हे कळल्यावर काहीतरी वाटायला हवं. पिशवीत किल्ली शोधावी तसं तिने थोडा वेळ शोधलं. सापडलं नाही. मग तिने रताळ्यांचं पाणी ओतून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती पाद्री केपुएलींकडे गेली. पाद्रीबुवांचं गावात वजन फार, आणि अंगानेही ते कमी नव्हतं. ते ओसरीवर पंखा घेऊन बसले होते.

"पाद्रीबुवा, या वेळच्या पत्रात माझी स्तुती करायची."

पंखा थांबला. "तुझ्या तोंडावर?"

"माझ्या पाठीमागे. ऑकलंडला."

"तोआकासे, पोरी, ताप आहे का तुला?"

"सहा वेळा तुम्ही लिहिलंत की मला पुढे करताना लाज वाटते."

"मग! काय वाईट लिहिलं? तुझी वहिनी रडली होती!"

"त्यांना ते खरं वाटलं."

पाद्रीबुवांना हे कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की जणू चर्चच्या छपरावर त्यांना डुक्कर दिसलं. "खरं वाटलं? अगं, लाज वाटते म्हणजे अभिमान वाटतो, हे शेंबड्या पोराला कळतं!"

"त्यांच्याकडच्या शेंबड्यांना कळत नाही."

"बापरे." त्यांनी पंखा मांडीवर ठेवला. "म्हणजे त्या नाकुला नावाच्या पोराची मी शिफारस केली होती, वेल्डिंगच्या कोर्सला... त्यालाही मी आळशी लिहिलं होतं."

"तो गेला. त्याचं पत्र मी बदललं होतं."

"आणि स्वतःचं?"

"स्वतःचं कसं बदलणार? बरं दिसतं का ते?"

पाद्रीबुवांनी चार दिवस घेतले. चार दिवसांत त्यांच्या हातून तीन वाक्यं निघाली. 'तोआकासे चांगली शिक्षिका आहे. तिचं काम चांगलं आहे. तुम्ही तिला घ्यावं.' पाकीट देताना ते घामाघूम झाले होते, आणि ती फाटकाबाहेर जाईपर्यंत त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पुढच्या रविवारी त्यांनी गर्व या विषयावर चाळीस मिनिटं प्रवचन दिलं. गावातल्या प्रत्येकाला वाटलं की ते आपल्यालाच बोलतायत. खरं तर ते स्वतःलाच झोडपत होते.

राहिला तो योगदानाचा रकाना. शंभर शब्द. तोआकासेने कागदावर 'मी' लिहिलं आणि तिथेच थांबली. प्रार्थनेच्या मधोमध ढेकर द्यावी तसं तिला वाटलं. ती कागद घेऊन गुरुवारी सभागृहात गेली.

गुरुवारी आमच्या बायकांचं काम असतं. लांबच लांब आडव्या फळीच्या दोन्ही बाजूंना बायका मांडी घालून बसतात, फळीवर नक्षीचे साचे बांधलेले असतात, त्यावर साल अंथरायची, उकडलेल्या टॅपिओकाच्या कंदाच्या खळीने दुसरी साल चिकटवायची आणि वरून तपकिरी रंगात बुडवलेल्या बोळ्याने घासत जायचं. खालची नक्षी वर उमटते. जिच्या गुडघ्यांसमोर जेवढं कापड येईल तेवढं तिचं. मग सगळ्यांनी मिळून कापड पुढे ओढायचं आणि पुन्हा घासायचं. असं पन्नास वाव, म्हणजे दोनशे हात लांब कापड होतं. वाळल्यावर पुन्हा एकेकीने आपापल्या तुकड्यावर काळ्या रंगाने रेघा ओढायच्या. मधोमध बसायची लेसिएली आत्या, तोआकासेच्या वडलांची थोरली बहीण, वय एक्याऐंशी. आमच्यात आत्याने मागितलं तर मानासाठी कमरेला गुंडाळलेली चटईसुद्धा सोडून द्यावी लागते. लेसिएली आत्याने आजवर दोन सोडवून घेतल्या होत्या.

"आत्या, फॉर्ममध्ये विचारलंय, या कापडात माझं काय आहे."

"सांग की," फाताइ पलीकडून ओरडली. "रंग सांडणं!"

बायका हसल्या. तोआकासे हसली नाही, पण तिने चेहरा हसल्यासारखा केला. हल्ली ती एवढं करायची.

"त्यात काय एवढं," आत्या म्हणाली. "लिही, सगळं माझं. आम्हाला कुठे जायचंय ऑकलंडला? तिथे थंडीत माझे गुडघे धरतात."

"सगळं? पन्नास वाव?"

"लिही, मी ऑक्टोपस आहे," फाताइ म्हणाली. "आठ हात. फोटो मागितला तर मी काढून देते, बाजारातून."

"खोटं होईल ते, आत्या."

"मग खरं लिही. खरं किती आहे?"

तोआकासेने खाली पाहिलं. तिच्या गुडघ्यांसमोर दीड हात कापड ओलं चकचकत होतं. तिने तिथेच बसून पेनाने लिहिलं, 'मी माझ्या गुडघ्यांसमोरचं काम करते.' एकच वाक्य. पंचाण्णव शब्दांची जागा रिकामी राहिली. अर्ज गेला.

सप्टेंबरात कळलं की मुलाखतीला बोलावलंय. सहा अर्जांत हे कधी झालं नव्हतं. भावजयीने लगेच नारळाच्या दुधात मासा कालवला आणि शेजारीपाजारी वाटला. तोआकासेने जेवून भांडी घासली.

मुलाखत शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत झाली. मुख्याध्यापिकाबाईंनी पंखा आणून ठेवला आणि बाहेर पाटी लावली, 'शांतता, तोआकासे.' पडद्यावर तीन माणसं होती. मोठ्या मण्यांची माळ घातलेली एक पांढऱ्या केसांची बाई, एक टक्कल पडलेला गृहस्थ आणि एक तरुण, जो काहीही ऐकलं तरी मान डोलवायचा.

तोआकासेला भीती वाटायला हवी होती. पिसिलाने चार वेळा बजावलं होतं, "बाई, क्षमा मागायची नाही! एकदाही नाही!" पण नम्र व्हायला सुद्धा अंगात थोडं त्राण लागतं, आणि तेवढं तोआकासेत उरलं नव्हतं. विचारलं तेवढं सांगायचं आणि घरी जायचं, इतकंच तिच्या डोक्यात होतं.

"तुम्ही लिहिलंय, 'मी माझ्या गुडघ्यांसमोरचं काम करते,'" माळवाली बाई म्हणाली. "जरा समजावून सांगाल?"

"माझ्या गुडघ्यांसमोर जेवढं कापड येतं तेवढं मी करते. बाकीचं बाकीच्या करतात."

"पण कापड पूर्ण झाल्यावर तुमचं कुठलं हे कसं ओळखणार?" टकलू गृहस्थ म्हणाले.

तोआकासेला हा प्रश्न फार विचित्र वाटला. अक्षर कुणाचं हे कसं ओळखायचं, असं कुणी विचारतं का?

"दिसतं की. मी रेघ वळवताना कुंचला उचलत नाही. म्हणून माझ्या कोपऱ्याला गाठ येते. फाताइ उचलते, म्हणून तिचा कोपरा तुटतो. आणि ती काम करताना बोलते, त्यामुळे हसली की रेघ वर जाते. तिच्या तुकड्यात मला मोजता येतं त्या दिवशी किती चहाड्या झाल्या ते. लेसिएली आत्याचा हात गेली दोन वर्षं थरथरतो, पण ती रेघ सुरू करण्याआधी थांबते, म्हणून सुरुवात सरळ असते आणि शेवट हलतो. इलाइसानेला जवळचं दिसत नाही, तिची नक्षी तिच्याकडे मोठी होत जाते. वाइमोआनाला बाराव्या तुकड्याला कंटाळा येतो. नेहमी बाराव्यालाच. तिथून पुढे ती एक पान गाळते, आम्ही सगळ्या गप्प बसतो."

ती बोलत राहिली. अकरा बायका होत्या, अकरा जणींचं सांगितलं. मग तिला वाटलं की आलोच आहोत तर सगळं सांगून टाकावं, म्हणून तिने कोठारातल्या त्या खणाचंही सांगितलं. पाच बायका, त्यातली एक डावखुरी. तिच्या रेघा उलट्या बाजूने जाड होतात, पण शेजारणीने आपल्या रेघा तिला मिळत्याजुळत्या करून घेतल्यात, म्हणजे दोघी एकमेकींच्या जवळच्या असणार. बहिणी, नाहीतर नणंद-भावजय भांडून गोड झालेल्या. "तिथल्या चिठ्ठीवर 'अज्ञात' लिहिलंय," ती म्हणाली. "नावं मलाही सांगता येणार नाहीत. पण अज्ञात नाहीत त्या."

पडद्यावर मान डोलवणाऱ्याची मान थांबली होती. माळवाली बाई पेन तसंच हातात धरून बसली होती. तोआकासेला वाटलं, यंत्र अडकलं. तिने बटण दाबून पाहिलं आणि मुलाखत बंद झाली.

पिसिलाचा लगेच फोन. "बाई! त्यांना तोडून टाकलंत तुम्ही!"

"झालं होतं माझं सांगून."

ऑक्टोबरमध्ये पत्र आलं. निवड झाली होती. तोआकासेने ते दोनदा वाचलं, छापून घेतलं, शिक्षकांच्या खोलीत नेऊन टेबलावर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत एक बिस्किट खाल्लं. आत काही हललं का याची तिने वाट पाहिली. मुख्याध्यापिकाबाईंनी तिला मिठी मारली, तेव्हा तिने मिठीत नीट उभं राहून घेतलं.

पण पत्रात खाली एक अट होती. ज्या बायकांच्या हातांचा अभ्यास होणार त्या सगळ्यांची लेखी संमती हवी. आणि त्यासोबत मुलाखतीत काय काय सांगितलं त्याचा एक पानाचा गोषवारा होता, नावानिशी. तो त्यांना वाचून दाखवणं बंधनकारक. संमती नाही आली तर जागा दुसऱ्याला. मुदत दहा दिवस.

गोषवाऱ्यात सगळं होतं. फाताइच्या चहाड्या. वाइमोआनाचं गाळलेलं पान. आणि आत्याचा हात. आमच्यात आत्याचा हात थरथरतो असं भाचीने गावात म्हणणंसुद्धा पाप. हिने ते परदेशात सांगितलं होतं. आत्याने एकदा 'नाही' म्हटलं की विषय संपला, मग विद्यापीठ असो की राजवाडा.

तोआकासेला वाटलं असतं तर तिने ते पान आपल्या भाषेत गोड करून वाचलं असतं. अर्ज बदलण्यात तिच्याइतका तरबेज माणूस बेटावर दुसरा नव्हता. तसं तिच्या मनातही आलं. पण गुरुवारी ती फळीजवळ उभी राहिली आणि जसं होतं तसं सपाट आवाजात वाचत गेली, जशी वर्गात हजेरी घ्यायची तशी.

फाताइचं आलं तेव्हा फाताइ उठून उभी राहिली. "चहाड्या! मी? या तोंडाने मी कधी..." बाकीच्या दहा जणी एकदम फुटल्या. इलाइसाने तर हसता हसता रंगाच्या भांड्यात कोपर घालून बसली. वाइमोआना म्हणाली, "पान गाळते ते तुम्हाला माहीत होतं? सगळ्यांना? आणि मी वीस वर्षं लपवतेय!"

मग आत्याचं आलं. तोआकासेने वाचलं. "लेसिएली यांचा हात दोन वर्षांपासून थरथरतो."

बाहेर डुकरं नारळाचा चोथा खात होती तेवढाच आवाज. लेसिएली आत्याने बोळा खाली ठेवला. आपला उजवा हात पुढे धरला आणि सगळ्यांसमोर त्याच्याकडे बघत बसली. तो हलत होता.

"दोन नाही," ती म्हणाली. "तीन वर्षं. तुला एक वर्ष उशिरा दिसलं."

"हो, आत्या."

"सुरुवात सरळ असते, असं पण सांगितलंस?"

"सांगितलं. पुढच्या ओळीत आहे."

"वाच."

तोआकासेने वाचलं.

आत्याने मान हलवली. "आणि फाताइचं वाकडं सांगितलंस ना? नीट? सगळं?"

"सगळं."

"मग आण तो कागद इकडे. सही करताना हात हलला तर तिथल्या लोकांना म्हणावं, बघा, खरं बोलली पोरगी. आणि तू जा. टोपी घेऊन जा, तिथे वारा असतो. आणि कोकराचं मटण पाठव, चरबीवालं."

आता बायका रडायला लागल्या. अकराही जणी, अगदी मनापासून, एकमेकींच्या गळ्यात पडून, फाताइ तर सगळ्यांत मोठ्याने, कारण तिला रागही आला होता आणि ती संधी वाया घालवणारी बाई नव्हती. डोळ्यांचं पाणी टपटप ओल्या कापडावर पडायला लागलं. तोआकासे कागद हातात धरून उभी होती.

"मागे सरून रडा," ती म्हणाली. "रंग ओघळेल."

"दगड आहे नुसती!" फाताइ हुंदके देत म्हणाली. "अगं, तुझं झालं ना हे! तुझं! काही वाटतंय की नाही?"

तोआकासेने खरोखर विचार केला. "पाय दुखतायत," ती म्हणाली. "सकाळपासून उभी आहे."

आत्याने तिला ओढून शेजारी बसवलं, आणि बायका मागे सरून रडत राहिल्या.

सोमवारी मधल्या सुट्टीत तिने कॉम्प्युटरच्या खोलीत अकराही जणींच्या सह्यांचे संमतीचे कागद एकेक करून पाठवले. शेवटी पडद्यावर एक ओळ आली, 'मी ही फेलोशिप स्वीकारते', आणि पुढे एक चौकोन. तिने चौकोनावर खूण केली. यंत्राने आभार मानले. खिडकीतून शाळेचं मैदान दिसत होतं, त्यावर कुणाचा तरी घोडा चरत होता. फेब्रुवारीच्या पंधरा तारखेला हजर राहायचं होतं.

घंटा झाली. ती वर्गात गेली. नववीच्या मुली टेबलावरच्या किटलीचं चित्र काढत होत्या, आणि बातमी अर्थातच तिच्याआधी पोचली होती.

"बाई, तुम्ही जाणार?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"हो."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

"मग आम्हाला कोण शिकवणार?"

"कुणीतरी येईल." तोआकासे तिच्या कागदावर वाकली आणि जरा वेळ बघत राहिली. "तू डावीकडून उजेड काढलायस आणि सावली पण डावीकडेच. खोड ते."

मुलीने खोडरबर काढला. तोआकासे पुढच्या बाकाकडे गेली.